तात्पुरतं बिऱ्हाड

माणूस जिथे राहतो तिथलाच असतो, अशी माझी आजवर समजूत होती. जिथे आपण सकाळी दाढी करतो, जिथल्या रस्त्याला रोज नावं ठेवतो, जिथला वाणी आपल्याला बघितल्याबरोबर सुटे नाहीत म्हणून सांगतो, तिथले आपण. यात सिद्ध काय करायचं? पण माझ्या मुलीने डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि त्या समजुतीचा पार चेंदामेंदा झाला.

मुलगी हुशार आहे. हे मी बाप म्हणून सांगत नाही. बाप म्हणून सांगायचं तर आणखी बरंच सांगता येईल. प्रवेशपरीक्षेत तिला मार्क उत्तम पडले. पण वैद्यकीय प्रवेशाचा मामला असा, की राज्यातल्या मुलांना पुष्कळ जागा आणि बाहेरून आलेल्यांना मूठभर. राज्यातली म्हणून तिचा नंबर आरामात लागत होता. बाहेरची ठरली असती तर त्या मूठभर जागांच्या आसपाससुद्धा ती पोचत नव्हती. तेव्हा आम्ही इथले आहोत एवढंच सरकारला पटवून द्यायचं होतं. रहिवासी दाखला म्हणतात तो आणायचा, अर्जाला जोडायचा, संपलं.

आता मी स्वतः पेन्शनच्या ऑफिसात आहे. समोर उभ्या असलेल्या, धाप लागलेल्या माणसाला 'तुम्ही जिवंत आहात हे दिसतंय, पण तसा दाखला आहे का?' असं विचारणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे दाखल्याची मला भीती अशी नव्हतीच. कपडे इस्त्री केले, कागद तारखेनुसार लावले आणि गेलो.

खिडकीतल्या माणसाने माझी फाइल उलटीकडून चाळायला सुरुवात केली. कसलेल्या माणसाचं हे लक्षण. मीही उलटीकडूनच चाळतो.

"घर कोणाच्या नावावर?" त्याने विचारलं.

"आईच्या."

"वीज?"

"तीही आईच्याच."

"मग तुमचं काय?"

"मी तिथे राहतो," मी म्हणालो. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला त्या बघण्यात कीव दिसली, आणि ऑफिसातला हुद्दा सांगावा की काय असं एकदम वाटून गेलं. "हे बघा," तो म्हणाला, "मुलगी तुमच्या आधाराने राहते, तुम्ही आईच्या घरात राहता. म्हणजे सगळं येऊन थांबलं तुमच्या आईपाशी. आणि नुसतं राहून भागत नाही. कायम राहायचा इरादा पाहिजे. घरमालकिणीचा इरादा काय आहे, त्याची चौकशी होईल."

इरादा म्हटल्याबरोबर मी फाइल हळूच आपल्याकडे ओढून घेतली. कारण सगळ्या शहरात कायम राहायचा इरादा नसलेली अशी एकच बाई मला माहीत होती, आणि तिच्याच नावावर आमचं घर होतं.

आईचं असं आहे. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हा वडिलांची दुसऱ्या राज्यातून इकडे बदली झाली. आईचा पाय तिकडच्या घरातून निघेना. वडिलांनी तिला सांगितलं, दोन वर्षांचा प्रश्न आहे, मग परत येऊ. त्या बोलीवर आई आली. पुढे वडिलांची नोकरी इथेच मुरली, इथेच घर झालं, मी मोठा झालो, माझं लग्न झालं, मुलगी झाली, वडील गेलेसुद्धा. पण आईची ती दोन वर्षं काही संपली नाहीत. तिने कपाट घेऊ दिलं नाही. "जाताना कुठे वाहून न्यायचं?" आमचे सगळ्यांचे कपडे अजून ट्रंकांमध्ये असतात. दूधवाला म्हातारा होऊन घरी बसला, त्याचा मुलगा दूध घालायला लागला, तरी आई त्याला दर थोड्या दिवसांनी बजावते, "पुढच्या महिन्यापासून बहुतेक बंद करावं लागेल हो." पहिल्या पहिल्यांदा तो बिचारा हळहळायचा. आता नुसता बरं म्हणतो.

दाखल्याचं घोडं पेंड खातंय ही बातमी जिन्यावरून वरच्या मजल्यावर जायला वेळ लागला नाही. वर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यांना आम्ही कलमकाका म्हणतो, कारण ते कुठल्याही प्रश्नाला एखादं कलम सांगितल्याशिवाय उत्तर देत नाहीत. तुम्ही त्यांना किती वाजले विचारून बघा. ते चहाच्या वेळेवर हजर झाले आणि आमच्या बैठकीच्या खोलीत चारी बाजूंनी नजर फिरवून त्यांनी निकाल दिला.

"इरादा दिसत नाही."

"इरादा मनात असतो ना, काका," माझी बायको म्हणाली.

"कायदा मनात शिरत नाही, सूनबाई. कायदा भिंतीकडे बघतो. काय आहे तुमच्या भिंतीवर?"

"रंग," मी म्हणालो.

"तोही निघाला आहे. कलम काय सांगतं? वास्तव्य हे वास्तव्यासारखं दिसलं पाहिजे. परत जाणारा माणूस भिंतीला भोकं पाडत नाही. तुम्ही असं करा, इथे एक चांगलं दणकट फडताळ ठोका. मधल्या भिंतीत. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, की हे लोक आता हलत नाहीत."

बायकोने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. आमच्या घरी त्याचा अर्थ 'खबरदार' असा होतो. पण अडला हरी म्हणतात तशी माझी गत झालेली. रविवारी सकाळी सुतार येईना, तर कलमकाका स्वतःचं ड्रिल मशीन घेऊन उतरले. त्यांनी जागा दाखवली, मी मशीन धरलं. भिंतीतून आधी तांबडा भुगा आला, मग ओला भुगा आला, आणि मग सोसायटीच्या टाकीतलं पाणी आलं.

भिंतीत पाइप कुठून जातात हे सेक्रेटरीला माहीत नसावं, याबद्दल कुठलं कलम आहे मला ठाऊक नाही. पाणी माझ्या छातीवर, तिथून समोरच्या भिंतीवर आणि तिथून सगळ्या घरात. मी भोकावर पंजा दाबून उभा राहिलो. कलमकाका वरच्या कॉकला धावले, तर तो गंजून बसलेला. बायकोने पदर खोचला आणि सूत्रं हातात घेतली. गाद्या गुंडाळून दारात गेल्या. भांडी टोपल्यांत भरून जिन्यात गेली. ट्रंका एकावर एक रचून बाहेर गेल्या. मुलीने तिची पुस्तकं चादरीत बांधून डोक्यावर घेतली. आई तेवढी शांत होती. जिन्यातल्या एका ट्रंकेवर पाय वर घेऊन ती बसली होती, आणि इतक्या वर्षांनी आपलं कुणीतरी ऐकलं असा भाव तिच्या चेहऱ्यावर होता.

चौकशीचा माणूस नेमका त्याच वेळी जिना चढून आला. सरकारी माणूस रविवारी येतो हे मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. नंतर कळलं, तो जवळच राहायचा आणि भाजी आणायला निघाला होता; म्हटलं जाता जाता हेही उरकून टाकू. त्याने गाद्या बघितल्या, टोपल्या बघितल्या, खुर्ची डोक्यावर घेऊन उतरणारे कलमकाका बघितले.

"काय आजी, निघालात वाटतं?" त्याने आईला विचारलं.

"निघायचंच आहे," आई म्हणाली. "इथे राहण्यात काही राम नाही. नळाला नसतं तेव्हा थेंब नसतो, आणि आज बघा."

मी आतून ओरडलो, "आम्ही कुठेही जात नाही. कायम राहणार आहोत म्हणून तर भिंत फोडली." भोकावरचा हात काढता येत नव्हता, त्यामुळे त्याच्याशी मला पाठमोरंच बोलावं लागलं. ओल्या बनियनमधल्या पाठमोऱ्या माणसाचं म्हणणं फारसं भारदस्त वाटत नाही, हे मी मान्य करतो.

त्याने खिशातून कागद काढला, भाजीच्या पिशवीवर ठेवून दोन ओळी लिहिल्या आणि गेला.

त्याचा अहवाल पुढे आमच्या हातात आला. भाषा स्वच्छ होती. 'कुटुंब सामान हलवताना आढळले. घरमालकिणीने मूळ राज्यात परत जाण्याचा मनोदय व्यक्त केला. मुलगा भिंतीची मोडतोड करीत होता.' खाली सुनावणीची तारीख होती. त्या दिवशी आईने अधिकाऱ्यासमोर येऊन कायम राहण्याचा इरादा आहे असं सांगायचं, नाहीतर मुलगी बाहेरची धरली जाईल.

आता इतकं साधं काम. एक वाक्य बोलायचं होतं. मी कागदावर काढूनसुद्धा दिलं.

"आई, तू एवढंच म्हण, आम्ही इथलेच आहोत आणि इथेच राहणार."

"मी खोटं बोलणार नाही."

"यात खोटं काय आहे? किती वर्षं राहतोय आपण."

"राहतोय. म्हणून इथले झालो होय रे? तुझे वडील मला सांगून घेऊन आले, दोन वर्षं म्हणून. ते त्यांच्या शब्दाला जागले नाहीत, निदान मी तरी जागते. तिकडे सगळ्यांना सांगून आलेय मी परत येते म्हणून. आता काय सांगू, सरकारात जाऊन नाही म्हणून आले?"

कलमकाकांनी समजावलं, बायकोने समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी माझा तोल गेला. मी म्हणालो, "सगळा जन्म तू इथे स्टँडवर बसल्यासारखी बसून काढलास. आमच्या घरी धड एक कपाट नाही. आता नातीच्या जन्माचा प्रश्न आहे तरी तुझं आपलं तेच." बोलून गेलो आणि जीभ चावली. आई उठून आत गेली आणि त्या दिवशी जेवायला आली नाही. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटत असताना रागही येत होता, ही त्यातली आणखी पंचाईत.

दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, आजीला नका बोलू. मी दुसरं काहीतरी शिकेन. शिकण्यासारखं खूप असतं." आणि तिने चादरीची गाठ सोडून पुस्तकं धाकट्या मावशीच्या मुलीला द्यायला वेगळी काढून ठेवली. ती लहानपणी आमच्या सगळ्यांच्या मनगटाला बांगडीचा तुकडा लावून नाडी बघायची. तिला दुसरं काही शिकायचं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आतल्या खोलीच्या दारात आई उभी होती, तिनेही ती पुस्तकं बघितली.

सुनावणीच्या दिवशी आई सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली होती. काय बोलणार ते तिने सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. साक्षीदार म्हणून कलमकाका आले. मी नको म्हणत होतो, पण ते कोट घालून आले होते, आणि कोट घातलेल्या माणसाला परत पाठवणं कठीण असतं.

अधिकारी एक बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती आणि डोक्यावरचा पंखा बंद होत नव्हता, त्यामुळे एका हाताने कागद आणि एका हाताने रुमाल धरून त्यांचं काम चाललं होतं. आधी त्यांनी कलमकाकांना घेतलं.

"हे कुटुंब इथलंच आहे, असं तुम्ही म्हणता?"

"शंभर टक्के," कलमकाका म्हणाले. "अत्यंत सज्जन माणसं. शब्दाला पक्की, वेळेला हजर, भांडण नाही, तंटा नाही. इथल्या लोकांसारखी अजिबात वाटत नाहीत."

मी डोळे मिटले. बाईंनी ते लिहून घेतलं की नाही, हे बघायचं धैर्य मला झालं नाही. मग त्या आईकडे वळल्या.

"आजी, खरं सांगा. परत जायचा विचार आहे?"

"आहे तर," आई म्हणाली.

झालं. शेजारी मुलीने माझा हात धरला. धीर मी तिला द्यायचा, तर तो तीच मला देत होती.

"कधी जाणार?" बाईंनी विचारलं. त्यांनी पेन उचललं होतं.

"हिचं डॉक्टरकीचं होऊ द्या आधी. मुलगी शिकत असताना कुणी घर हलवतं का? हिची आई नोकरी करते. मुलगी दमून आली तर तिला गरम ताट कोण वाढेल?"

"बरं. ती डॉक्टर झाली, की जाणार."

"लगेच कशी जाईन? नव्या डॉक्टरकडे पेशंट येतो का कुणी? मी आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, गुडघे कुणाला दाखवू नका, जरा कळ काढा, माझी नात येतेय. ती दवाखान्यात बसली आणि मीच इथे नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? तिचा जम बसेपर्यंत मला हलता यायचं नाही."

"आणि जम बसल्यावर?"

"तोपर्यंत हा रिटायर होईल." आईने माझ्याकडे बोट केलं. "याला आपला रुमाल सापडत नाही. भिंतीला भोक पाडायचं तर पाइपला पाडतो. याला दिवसभर घरात एकटा सोडून जाऊ म्हणता?"

खोलीतल्या शिपायासकट सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी मी यावर काहीतरी बोललो असतो. पण बाईंचं पेन खाली गेलेलं मला दिसलं होतं, आणि त्या क्षणी माझी अब्रू आईने आणखीही खर्च केली असती तरी माझी हरकत नव्हती.

"म्हणजे हे सगळं झालं, की मग जाणार," बाई रुमालाआडून म्हणाल्या.

"नाही," आई म्हणाली. "मग गच्ची आहे."

"गच्ची?"

"आमच्या सोसायटीची गच्ची गळते. माझ्या डोक्यावर नाही, पण सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या अंथरुणावर गळते. तिला मी शब्द दिलाय, गच्ची दुरुस्त झाल्याशिवाय तुला सोडून जाणार नाही. दर मीटिंगला मी उभी राहते, आणि दर मीटिंगला हे आम्हाला कलम सांगतात." तिने कलमकाकांकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता हात केला. "मी गेले तर त्या गच्चीला वाली कोण? तेवढं एक झालं, की मी मोकळी."

बाई सावकाश कलमकाकांकडे वळल्या. "तुम्ही सेक्रेटरी ना? गच्चीचं काम कधी होणार?"

कलमकाका उठून उभे राहिले. त्यांनी कोटाची बटणं लावली. कुणी सरकारी अधिकाऱ्याने त्यांना अधिकृतपणे प्रश्न विचारावा, हा त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस होता. ते म्हणाले, "मॅडम, विषय उपसमितीकडे आहे. उपसमितीची नेमणूक व्हायची आहे. ती नेमण्यासाठी सर्वसाधारण सभेत कोरम लागतो, आणि कोरम होत नाही, कारण सभा गच्चीवर असते आणि गच्ची गळते म्हणून लोक येत नाहीत. तेव्हा निश्चित असा काळ मला सांगता येणार नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेसुद्धा सांगता येणार नाही. तसं सांगणं नियमाबाहेर होईल."

बाईंनी रुमाल टेबलावर ठेवला. त्यांना शिंक येत होती की हसू, ते कळत नव्हतं. मग त्यांनी शेजारच्या कारकुनाला सांगितलं, "घ्या लिहून. घरमालकीण परत जाण्याचं म्हणतात. परंतु त्यासाठी ज्या गोष्टी आधी व्हायला हव्यात, त्यांतली शेवटची गोष्ट केव्हा होईल, हे खुद्द सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगता येत नाही. तेव्हा परत जाणं नजरेच्या टप्प्यात नाही. वास्तव्य कायमचं आहे. दाखला द्यावा."

कलमकाकांच्या कारभाराने कुणाचं भलं झाल्याचं आमच्या सोसायटीच्या इतिहासात हे पहिलंच उदाहरण. मी त्यांना मिठी मारली. त्यांना कारण नीट कळलं नव्हतं, पण कोट घातल्याचं सार्थक झालं असं त्यांना वाटलं असावं. आई मात्र घुश्शात होती. बाहेरच्या बाकावर बसून ती म्हणाली, "मी जाणार म्हणून सांगितलं ना त्यांना? मग कायमचं कसं लिहिलं?" मी तिच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "आई, मी त्या दिवशी फार वाईट बोललो." ती म्हणाली, "बोललास खरा. ऊठ, पँट खराब होईल."

पुढे नावांची यादी लागली. राज्यातल्या मुलांच्या यादीत मुलीचं नाव आलं, आणि नुसतं आलं नाही तर वरच्या भागात आलं. मी ती यादी भिंतीवर बोट ठेवून दोनदा वाचली, तिसऱ्यांदा शेजारच्या एका अनोळखी माणसाला वाचायला लावली. त्याच्या मुलाचं नाव खाली होतं, तरी त्याने प्रेमाने वाचली. बायको तिथेच रडली. मला रडायचं नव्हतं म्हणून मी पाणी आणायला गेलो, आणि तिकडे नळापाशी रडलो.

कॉलेजात प्रवेश घ्यायला आम्ही सगळेच गेलो. काउंटरवरच्या मुलाने रहिवासी दाखला मागितला. मी खिशात हात घालणार, तेवढ्यात आईने आपल्या पिशवीतून तो काढून समोर ठेवला. अर्जाला त्याची नक्कल जोडली होती, पण मूळ दाखला सुनावणीपासून तिने कुणाच्या हातात दिलाच नव्हता. मुलाने तो वाचला आणि सहज विचारलं, "आजी, तुम्ही मूळच्या इथल्याच का?"

"नाही रे," आई म्हणाली. "मी तिकडची. परत जायलाच निघाले होते मी. पण इथल्या सरकारने जाऊ दिलं नाही. लेखी दिलंय बघ, सहीशिक्क्यानिशी, आजी इथून जायची नाही म्हणून. आता सरकारपुढे माझं काय चालणार?"

काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवून ते खरं असल्याचं त्याला सांगितलं. त्याने दाखल्यावर शिक्का मारला आणि मुलीला सही कुठे करायची ते दाखवलं. ती सही करायला वाकली, तेव्हा आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला विचारलं, "अरे, इथे कपाटं चांगली कुठे मिळतात? डॉक्टरांचे कपडे ट्रंकेत ठेवलेले बरे दिसत नाहीत."